घरच्या सीडी-डीव्हीडी संगणकावर कशा उतरवायच्या: डॅट, व्हीओबी, एमकेव्ही आणि एमपी४ समजून घेताना

लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग, चाळीतला गणपती. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत मुंबईत ज्यांच्या घरी कार्य झालं, त्यांच्या कपाटात एखादी डिस्क हमखास सापडते. आधी व्हीसीडी, मग डीव्हीडी. व्हीएचएसच्या कॅसेटीही अनेकांनी त्याच सुमारास नाक्यावरच्या स्टुडिओतून डिस्कवर उतरवून घेतल्या आणि कॅसेटी भंगारात दिल्या. अशा घरांत आता ती डिस्क हीच मूळ प्रत. प्लेअर माळ्यावर गेला, नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह येत नाही, आणि डिस्क दरवर्षी थोडी थोडी खराब होते आहे.

घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमध्ये माहिती एका रंगद्रव्याच्या थरावर लेसरने उमटवलेली असते. कारखान्यात छापलेल्या सिनेमाच्या डिस्कमध्ये साच्यातून उठवलेले सूक्ष्म खड्डे असतात, ते जास्त टिकतात. रंगद्रव्य आणि त्यामागचा चकचकीत थर मात्र ऊन, उष्णता आणि दमट हवेने बिघडतो, आणि मुंबईत या तिन्हींची कधी टंचाई नसते.

तेव्हा घाई करायला हरकत नाही, फक्त क्रम चुकवू नका. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत, मग रूपांतर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. कुठलातरी ‘कन्व्हर्टर’ उतरवून घेतात, एमपी४ बनवतात, फोनवर बरं दिसलं की डिस्क टाकून देतात. पुढे कधीतरी मोठ्या टीव्हीवर लावल्यावर आजीच्या चेहऱ्याचे चौकोन दिसू लागतात, आणि पुन्हा नीट करायला मूळ काही हाताशी नसतं.

हा लेख घरच्या डिस्कांपुरताच आहे. विकतच्या सिनेमांच्या डीव्हीडीवर बहुधा कॉपी-संरक्षण असतं. प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ, हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. आपल्या लग्नाच्या डिस्कवर तसलं काही नसतं, त्यामुळे त्या वाटेला जायचं कारणच नाही.

ड्राइव्ह आणि फडकं

यूएसबीला लागणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर हजार-दोन हजारांच्या घरात मिळतो. लॅमिंग्टन रोडवर नवा घ्या किंवा ऑनलाइन मागवा, कंपनीने फार फरक पडत नाही. वीजपुरवठ्याने मात्र पडतो. हे छोटे ड्राइव्ह यूएसबीतूनच वीज खेचतात, आणि ओरखडे असलेली डिस्क वाचताना जास्त खेचतात. वीज कमी पडली की ड्राइव्ह मधेच ‘गायब’ होतो आणि माणूस डिस्कला दोष देत बसतो. म्हणून स्वस्तातला यूएसबी हब नको, ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा. दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं जोडा.

घरात जुना डेस्कटॉप धूळ खात पडला असेल तर त्यातला मोठा ड्राइव्ह काढून घ्या. साटा-यूएसबी ॲडॅप्टरवर तो चालतो, पण त्याला १२ व्होल्टही लागतात, म्हणून सोबत भिंतीला लावायचा वेगळा अडॅप्टर असलेलाच संच घ्यायचा. खराब डिस्कच्या बाबतीत हाताशी दोन वेगवेगळे ड्राइव्ह असणं हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा उपयोगी पडतं. एकाला न वाचता आलेला भाग दुसरा बिनतक्रार वाचतो, असं वारंवार होतं. आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाच्या मुंजीची सीडी नव्या ड्राइव्हमध्ये निम्म्यावर अडायची. जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने ती पहिल्या फटक्यात शेवटपर्यंत वाचली.

आता फडकं. चष्म्याचं मऊ कापड घ्या, साधं पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही. कारण माहिती गोल मार्गावर लिहिलेली असते. त्याच मार्गावर लांब ओरखडा गेला तर ड्राइव्हला वाचनातल्या चुका दुरुस्त करणं जड जातं, आडवा गेला तर बहुतेक वेळा तो निभावून नेतो. टूथपेस्टचे घरगुती उपाय विसरा. पुसलेली डिस्क पंख्याखाली वाळवा, खिडकीतल्या उन्हात नको.

सीडीच्या नावाच्या बाजूला जास्त जपायचं, हे फार जणांना ठाऊक नसतं. सीडीचा चकचकीत थर नावाच्या बाजूला, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. तिथे टोकदार काही लागलं की माहिती कायमची गेली. डीव्हीडीत तो थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी धीट. त्या काळचे फोटोग्राफर डिस्कवर वधूवरांचा फोटो असलेला गोल कागदी स्टिकर हौसेने चिकटवायचे. दोन-चार पावसाळ्यांनंतर त्याची एक कड फुगून वर येते, डिस्कचा तोल जातो आणि ड्राइव्हमध्ये ती घरघरायला लागते. स्टिकर सोलून काढायचा मोह आवरा. सीडीवरून सोलताना त्याला चिकटून चकचकीत थरही निघून येतो. उचललेली कड बोटाने हलकेच दाबून बसवा आणि शक्य असेल तिथे सॉफ्टवेअरमध्ये वाचण्याचा वेग कमी ठेवा.

डिस्कच्या पोटात काय असतं

ड्राइव्हमध्ये डिस्क घातल्यावर आपोआप उघडणारी खिडकी बंद करा आणि फोल्डर उघडून बघा. ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट शेपटीची (म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर डॅट असलेली) फाइल दिसली, तर ती व्हीसीडी. ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसला तर डीव्हीडी.

व्हीसीडीचं मानक १९९३ चं. चित्र एमपीईजी-१ पद्धतीने दाबलेलं, आकार आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ३५२ × २८८ ठिपके, सेकंदाला २५ चित्रं. एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून तर लग्नाच्या ‘भाग १, भाग २, भाग ३’ अशा तीन-तीन सीड्या असायच्या. एक गंमत बघा. ७०० एमबीच्या सीडीवर कधी कधी ८०० एमबीच्या वरची डॅट फाइल दिसते. ही संगणकाची चूक नाही. साध्या डेटा सीडीवर चुका दुरुस्त करण्यासाठी जी जादा माहिती राखून ठेवलेली असते, ती व्हीसीडीत बरीचशी वगळून ती जागा चित्राला दिलेली असते. त्याची किंमत आज मोजावी लागते. तेवढ्याच ओरखड्याने डेटा सीडी वाचते आणि व्हीसीडी अडते.

डीव्हीडीत चित्र एमपीईजी-२ पद्धतीचं, आकार पालमध्ये ७२० × ५७६, एका थराच्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी. फोल्डरमधल्या व्हीओबी फाइलींत चित्र आणि आवाज असतो. आयएफओ फाइलींत कुठून कुठे काय आहे याचा नकाशा, आणि बीयूपी ही त्या नकाशाची राखीव प्रत. एक व्हीओबी जास्तीत जास्त एक जीबीची असते, त्यामुळे सलग दोन तासांचं लग्नही चार-पाच तुकड्यांत दिसतं.

दोन्ही प्रकारांत लिखाण आतून बाहेर जातं. कार्यक्रमाची सुरुवात भोकाजवळ, शेवट कडेला. आणि डिस्क हाताळताना बोटं लागतात ती कडेलाच. म्हणून हळदीची दृश्यं ठणठणीत आणि पाठवणीलाच चित्र अडकतं, असा अनुभव घरोघरी येतो. उतरवून झाल्यावर शेवटची दहा मिनिटं आवर्जून बघायची ती याचसाठी.

डीव्हीडी उतरवणे

पहिली पायरी, आयएसओ. म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, मेनूसकट. विंडोजवर आयएमजीबर्न हा फुकट प्रोग्राम हे काम करतो. त्यात डिस्कवरून इमेज फाइल बनवण्याचा पर्याय निवडायचा, जागा दाखवायची आणि चहा टाकायचा. इन्स्टॉल करताना मात्र प्रत्येक पानावरच्या टिकमार्क वाचा, त्याच्या इन्स्टॉलरबरोबर नको ती सॉफ्टवेअर चिकटून येत असत. मॅकवर डिस्क युटिलिटीत तेच काम होतं. प्रकार ‘डीव्हीडी/सीडी मास्टर’ निवडायचा, आणि तयार होणाऱ्या फाइलीची सीडीआर ही शेपटी बदलून आयएसओ केली तरी चालते. झालेली फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा. घरच्या प्लेअरवर दिसायचा तसाच मेनू आला, गाणं वाजलं, फोटोची चौकट फिरली, की पहिलं काम फत्ते.

दुसरी पायरी, एमकेव्ही. मेकएमकेव्ही हा प्रोग्राम डीव्हीडीसाठी फुकट आहे. त्यात आताच बनवलेली आयएसओ उघडा, पुन्हा डिस्क फिरवायची गरज नाही. तो व्हीओबीचे तुकडे नकाशाप्रमाणे सांधतो आणि चित्राला हात न लावता एक सलग फाइल देतो. दर्जा तसूभरही घटत नाही, कारण काहीच नव्याने दाबलं जात नाही. इथे एक खाचखळगा आहे. दोन मिनिटांपेक्षा छोटी टायटल्स, म्हणजे डिस्कवरचे सुटे व्हिडिओ, हा प्रोग्राम स्वतःहून वगळतो. सिनेमासाठी ते ठीक, पण घरच्या डिस्कवर बाळाच्या पहिल्या पावलांची क्लिप दीड मिनिटाचीच असू शकते. सेटिंगमध्ये व्हिडिओच्या पानावर किमान लांबीचे सेकंद असतात, ते १२० वरून १० करा आणि मग आयएसओ उघडा.

‘फोल्डरच कॉपी केला तर?’ संरक्षण नसलेल्या डिस्कचा फोल्डर कॉपी होतो, नाही असं नाही. पण सुट्ट्या व्हीओबी वाजवताना वेळ चुकीची दिसते, पुढे-मागे नेताना उड्या पडतात, आणि चार तुकड्यांतला एक पेनड्राइव्हवरून हरवला की मधले सप्तपदीचे क्षण गेले. आयएसओला वेळ तेवढाच लागतो.

व्हीसीडी आणि हट्टी डिस्क

व्हीसीडी चांगल्या स्थितीत असेल तर डॅट फाइल सरळ हार्ड डिस्कवर कॉपी करा, व्हीएलसी ती वाजवतो. अख्ख्या डिस्कची प्रत हवी असेल तर व्हीसीडीला आयएसओ पुरत नाही, तिच्या वेगळ्या रचनेमुळे बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी बनवावी लागते. आयएमजीबर्न व्हीसीडी ओळखून तशीच जोडी बनवतो. दोन्ही फाइली कायम एकत्र ठेवायच्या.

कॉपी होताना विंडोज ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ म्हणून थांबला, तर डिस्कचा तेवढा भाग वाचता आलेला नाही एवढंच समजा. आधी डिस्क पुन्हा पुसा, मग दुसरा ड्राइव्ह लावा. मग वेग कमी करून बघा. डीव्हीडीसाठी याउपर एक जालीम उपाय आहे, लिनक्सवरचा ‘डीडीरेस्क्यू’. तो अडलेला भाग बाजूला ठेवून आधी सगळा सुदृढ भाग वाचून घेतो, मग परत येऊन अडलेल्या जागांशी झुंजत बसतो. कुठपर्यंत वाचलं याची नोंद तो एका फाइलीत ठेवतो, त्यामुळे रात्री थांबवून सकाळी दुसऱ्या ड्राइव्हवर तिथूनच पुढे सुरू करता येतं. अशा प्रतीत दोन-चार जागी चित्र फुटेल, पण बाकीचं कार्य वाचलेलं असेल.

डिस्क कोरी दिसते, पण प्रकाशात धरली तर लिहिलेल्या भागाचं गडद वर्तुळ दिसतं? मग ती बहुधा ‘फायनलाइज’ केलेली नाही, म्हणजे लिहून झाल्यावर इतर यंत्रांना वाचता येईल अशी पूर्ण केलेली नाही. छोट्या आठ सेंटिमीटरच्या डिस्कवर शूट करणाऱ्या हँडीकॅमच्या बाबतीत हे नेहमीचं. ज्या कॅमेऱ्यावर शूट केलं तोच मिळाला तर त्यात घालून फायनलाइज करा. नाहीतर आयसोबस्टर हा प्रोग्राम अशा डिस्कमधलं बरंच काही दाखवतो. त्याच्या काही सोयींना पैसे पडतात, पण आधी काय दिसतंय ते बघून मग ठरवता येतं.

शेपटीवर जाऊ नका

आता फाइलींच्या प्रकारांचं कोडं. एव्हीआय, एमकेव्ही, एमपी४, एमओव्ही ही नावं चित्राच्या दर्जाबद्दल काही सांगत नाहीत. हे कंटेनर आहेत, म्हणजे आतल्या गोष्टी एकत्र ठेवायची निव्वळ सोय. चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबलेले आहेत ते कोडेक ठरवतो: एमपीईजी-२, २००३ मध्ये आलेला एच.२६४, २०१३ चा एच.२६५, २०१८ चा एव्ही१. बरणी बदलली म्हणून लोणचं बदलत नाही. मेकएमकेव्हीने दिलेल्या एमकेव्हीत डीव्हीडीवरचाच एमपीईजी-२ असतो, आणि व्हीओबीचं नाव बदलून एमपी४ केलं तरी टीव्ही नाक मुरडणारच.

म्हणूनच ‘माझ्या टीव्हीवर एमकेव्ही चालत नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. बरणी नको आहे की लोणचं, ते आधी शोधा. मीडियाइन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्राम फाइल टाकताच सगळी कुंडली मांडतो. कंटेनर, कोडेक, ठिपके, सेकंदाला किती चित्रं, बिटरेट. नुसता कंटेनर अडत असेल तर तो दर्जा न घालवता मिनिटा-दोन मिनिटांत बदलता येतो. कोडेक अडत असेल तरच नव्याने दाबावं लागतं, आणि दर नव्या दाबण्यात थोडं काहीतरी जातंच.

फाइल केवढी होईल हे बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारी माहिती, आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरतं. सेकंदाला ५ मेगाबिट म्हणजे दोन तासांचे साधारण साडेचार जीबी. भरलेल्या डीव्हीडीचा हिशेब हाच. त्यामुळे कोणी ‘दोन तास, २०० एमबी, एचडी क्वालिटी’ म्हणत असेल तर हात जोडून पुढे चला.

बघायची प्रत: हँडब्रेक

घरात सगळ्यांना वाटायला एमपी४ कंटेनर, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज ही तिकडी घ्या. टीव्ही, फोन, जुना टॅबलेट, सगळ्यांना ती पचते. एच.२६५ मुळे जागा वाचते हे खरं, पण एवढ्या छोट्या चित्रात ती बचत जुन्या टीव्हीवरच्या कटकटीच्या लायकीची नाही.

हँडब्रेक फुकट आणि मुक्तस्रोत आहे. विंडोजवर तो ‘डॉट नेट डेस्कटॉप रनटाइम’ मागतो. ते मायक्रोसॉफ्टचंच आहे, घाबरू नका. त्यात एमकेव्ही उघडा आणि ‘फास्ट ५७६पी२५’ हा प्रीसेट, म्हणजे सेटिंगचा तयार संच, निवडा. मग एवढे बदल करा. दर्जाचा आरएफ आकडा १८ ते २० च्या मध्ये ठेवा. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. एन्कोडरचा वेग ‘स्लो’. चित्रांचा दर ‘स्रोताप्रमाणे’. अमेरिकेतल्या मावशीकडून आलेली डिस्क तिकडच्या टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीची असेल, म्हणजे ७२० × ४८० आणि सेकंदाला २९.९७ चित्रं, तो दरही बदलायला जाऊ नका.

डीव्हीडीच्या बाबतीत एका गोष्टीवर वेळ घालवा: डीइंटरलेस. त्या काळचे व्हिडिओ कॅमेरे सेकंदाला २५ पूर्ण चित्रांऐवजी ५० अर्धी चित्रं टिपायचे, एकदा विषम ओळी, एकदा सम. जुन्या जाड टीव्हीवर हे बेमालूम मिसळायचं. संगणकावर मात्र कोणी हात हलवला, अक्षता उडाल्या, की कडांना आडवे दाते दिसतात. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेससाठी ‘बीडब्ल्यूडिफ’ किंवा ‘याडिफ’ घ्या आणि त्याचा ‘बॉब’ पर्याय निवडा. यातून प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र बनतं, दर सेकंदाला ५० होतो आणि लेझीमसारख्या वेगवान हालचाली मूळच्या टीव्हीवर दिसायच्या तशाच सुळसुळीत दिसतात. दर स्रोताप्रमाणे ठेवायला सांगितला तो याचसाठी. २५ वर अडकवला तर ही सगळी मेहनत फुकट. आधी नाचाचं किंवा वरातीचं मिनिटभराचं दृश्य करून बघा आणि मगच पूर्ण फाइल लावा. व्हीसीडीच्या डॅट फाइलींना हा सोपस्कार लागत नाही, त्यात अर्धी चित्रं नसतातच.

माणसं उभट किंवा आडवी दिसत असतील तर प्रमाण बिघडलं आहे. पालच्या ७२० × ५७६ चं चित्र पडद्यावर ४:३ मध्ये ७६८ × ५७६ एवढं आणि १६:९ मध्ये १०२४ × ५७६ एवढं पसरतं. हँडब्रेक हे डिस्कवरच्या खुणेवरून आपोआप सांभाळतो. फक्त स्टुडिओवाल्याने खूणच चुकीची मारली असेल तेव्हा हाताने बदलावं लागतं.

आणि चित्र मोठं करू नका. ५७६ ओळींचं १०८० करून नवा तपशील येत नाही, फाइल फुगते एवढंच. एआयने ‘फोर के’ करून देणाऱ्या सेवांबद्दल माझं मत वाईट आहे. त्या त्वचा गुळगुळीत करतात, डोळे अंदाजाने रंगवतात, आणि आजोबा कोणीतरी तिसरेच दिसू लागतात. हौस असेल तर करा, पण ती वेगळी फाइल म्हणून.

ठेवायचं कुठे, पाठवायचं कसं

आयएसओ किंवा बिन-क्यू, सोबत एमकेव्ही, हे जपून ठेवायचं. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. भाऊ ठाण्याला असेल तर त्याच्याकडे. पेनड्राइव्ह ने-आणीसाठी ठीक, साठवणुकीसाठी नाही. टीव्हीला लावायचा पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल जात नाही आणि संगणक फाइल फार मोठी आहे म्हणून अडतो. टीव्हीला चालत असेल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

फाइलींना नावं देताना वर्ष आधी टाका: ‘२००४-मे दादाचं लग्न भाग २’. ‘व्हिडिओ-फायनल-नवा’ असल्या नावाची फाइल सहा महिन्यांनी उघडल्याशिवाय ओळखू येत नाही.

नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून जोडा. व्हिडिओ म्हणून पाठवलं की ॲप तो पुन्हा दाबतं. डॉक्युमेंट २ जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं. यूट्यूबवर टाकताना ‘अनलिस्टेड’ ठेवलं तरी एक अडचण येते. लग्नाच्या मिक्सिंगमध्ये पाठीमागे सिनेमाची गाणी भरलेली असतात, ती यूट्यूबची यंत्रणा ओळखते आणि आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडवला जातो. त्यात तुमची काही चूक नाही, पण मंगलाष्टकंही त्याबरोबर गप्प होऊ शकतात. अशा व्हिडिओसाठी गूगल ड्राइव्हची लिंक बरी.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर स्टुडिओकडे द्या, पण ‘एमपी४ करून द्या’ एवढंच सांगू नका. आयएसओही मागा, आपली हार्ड डिस्क घेऊन जा आणि प्रत्येक भागाची शेवटची दहा मिनिटं दुकानातच चालवून बघा. मूळ डिस्का परत घ्यायला विसरू नका. त्या उभ्या, डबीत, कपाटाच्या आतल्या बाजूला ठेवा, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या कपाटात नको.